शिडी का खचली

माझी बायको गाडीवरच्या तंबूतून उतरताना तोल जाऊन पडली, असं आमच्या नात्यागोत्यात गेली दोन वर्षं सांगितलं जातं. लग्नात सांगतात, बारशात सांगतात, दहाव्याला गेलो तर तिथेही कुणीतरी तिच्या मनगटाकडे बघून विषय काढतं. तिचा तोल गेला नव्हता. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी बोललो नाही. आता एकाहत्तराव्या वर्षी लिहून काढतो आहे. ते नीट समजावं म्हणून आधी त्या तंबूबद्दल सांगणं भाग आहे. तंबूचं नाव काढलं की मला अजूनही वैताग येतो, तो वाचणाऱ्याने सोसून घ्यावा.

हौस तिची होती. माझी नोकरी पाटबंधारे खात्यात, म्हणजे दर तीन वर्षांनी बदली आणि दर बदलीला गळकं क्वार्टर. तिने आयुष्यभर दुसऱ्यांनी ठरवलेल्या छपराखाली संसार केला. निवृत्तीनंतर आम्ही एकदा तोरणमाळला गेलो, तिथल्या लॉजवर तिने चादर उचलून पाहिली आणि रात्रभर खुर्चीवर बसून राहिली. परत आल्यावर म्हणाली, फिरायचं आहे, पण दुसऱ्याच्या गादीवर झोपायचं नाही. मग मोबाईलवर तिला ते तंबू सापडले. गाडीच्या टपावर पेटीसारखा बसवायचा, मुक्कामाला पोचलं की उघडायचा, शिडी लावायची, वर आपली गादी, आपली गोधडी. खाली विंचू-काटा नाही, कुत्रं नाही. तिचं ठरलं.

निवड करायचं काम माझ्याकडे आलं, कारण मोजमाप हा माझा विषय, असं मीच आयुष्यभर सगळ्यांना सांगत आलो होतो. दोन महिने माझं डोकं उठलं. तंबू दोन जातीचे. एक कडक पेटीचा, पेटीचं झाकण वर उचललं की झाला तयार. हा सोपा, पण आत जागा बेताची. दुसरा कापडी, पुस्तकासारखा बाजूला उघडणारा. यात जागा ऐसपैस, पण उघडल्यावर अर्धी फळी गाडीच्या टपावर आणि अर्धी बाहेर हवेत. त्या बाहेरच्या अर्ध्या भागाला आधार कोणाचा, तर शिडीचा. म्हणजे शिडी नुसती चढायला नाही, ती त्या तंबूचा खांब आहे. हे वाक्य मी माहितीपुस्तिकेत वाचलं होतं, पेन्सिलीने खूण केली होती आणि जावयाला वाचूनही दाखवलं होतं. हे मुद्दाम लिहितो आहे. मला माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये.

तिला कापडीच हवा होता, कारण त्याला तिन्ही बाजूंना खिडक्या होत्या.

मग वजनाचा घोळ. गाडीच्या पुस्तकात टपावर किती वजन चालेल ते दिलेलं, आणि तंबूच एकटा त्याच्या जवळपास जाणारा. मी म्हटलं, मग आपण दोघं वर झोपायचं कसं? विकणारा फोनवर हसला आणि म्हणाला, काका, तो आकडा चालत्या गाडीचा आहे, उभी गाडी कितीतरी जास्त पेलते. बरोबर होतं ते, पण तो ज्या तऱ्हेने हसला ते मला आवडलं नाही. पुढे कळलं की आमच्या गाडीच्या टपावरचे ते रुबाबदार दांडे नुसते शोभेचे, चिकटवलेले. त्यांच्यावर छत्रीसुद्धा अडकवू नये म्हणे. एवढी वर्षं मी त्यांना हात लावून गाडी किती मजबूत आहे ते लोकांना दाखवत होतो. मग खरे आडवे दांडे मागवले, ते एकदा चुकीचे आले, परत पाठवले, दुसरे आले त्यांची चावी आली नाही.

शेवटी धुळ्याहून जावई आले आणि त्यांनी पिंप्राळ्यात आमच्या दारात तो तंबू बसवला. जावयाला कामाला लावलं म्हणून कॉलनीतल्या दोन म्हाताऱ्यांनी मला ऐकवलं. तिसऱ्याने गाडीभोवती फेरी मारून विचारलं, कूलर बसवला का? चौथ्याने निवडणुकीचा भोंगा आहे का म्हणून चौकशी केली. आमचे जावई शांत माणूस. एकेक बोल्ट आवळून झाल्यावर त्यांनी पाना माझ्या हातात दिला, म्हणाले, आबा, एकदा तुम्ही तपासून घ्या. मी तपासले नाहीत. जावयाने केलेल्या कामावर सासऱ्याने हात फिरवायचा म्हणजे अपमान, असं माझं त्या वेळी मत. त्यांना खरंच तपासून हवे होते, हे मला फार उशिरा समजलं. त्यांचं काम चोख होतं. बोल्टांचा पुढे काहीही दोष नव्हता, हेही नोंदवून ठेवतो, कारण तो आरोपही लोकांनी त्यांच्यावर ठेवला.

पहिला मुक्काम सातपुड्याच्या पायथ्याला, ओळखीच्या एका कुटुंबाच्या अंगणात केला. बायको शिडीवरून अशी चढली की त्या घरची बाई बघतच राहिली. पासष्टीची माझी बायको, एका हातात गोधडी आणि एका हाताने शिडी. मी चढताना तिसऱ्या पायरीवर पोटरीत गोळा आला आणि मला दोघांनी मागून रेटलं. वर गेल्यावर कुणी कूस बदलली की सगळी गाडी हलायची. ती घोरत होती, मी हलत होतो. दर दोन तासांनी मला खाली उतरायला लागायचं, वय तसं आहे, आणि दर वेळी ती चेन, तो पडदा, ती शिडी, ती चप्पल. सकाळी तंबूला आतून दव धरलेलं, गादीची कड ओली. ओला तंबू मिटला तर बुरशी येते म्हणून ऊन चढेपर्यंत थांबलो. मग त्याची घडी घालताना कापड सगळीकडून बाहेर, जशी गच्च भरलेली पेटी बंद होत नाही तसं. ती खिडकीत बसून चहा पीत म्हणाली की इतकी गाढ झोप तिला लग्नाआधी लागायची.

मला तो तंबू आवडत नव्हता. पुढचं सगळं समजायला हे महत्त्वाचं आहे.

हिवाळ्यात आमच्या शेतात भरिताची पार्टी असते. शेत वरणगावच्या पुढे, बोदवडच्या रस्त्याला. त्या वर्षी लेक-जावई, जावयांची आई म्हणजे आमच्या विहीणबाई, आणि भाऊबंदांपैकी दहा-बारा माणसं होती. बायकोने ठरवलं होतं की जेवण झाल्यावर ती तंबूत दुपारची झोप घेणार आणि ज्यांनी ज्यांनी तिची थट्टा केली त्यांना एकेक करून वर बोलावून खिडकीतून शेत दाखवणार. जावई म्हणाले, गाडी रस्त्याकडेला मुरुमावर लावू, शिडीला टणक जमीन मिळेल. मी म्हटलं, तिथे सावली नाही, निंबाखाली लावा. निंबाखाली आमची काळी माती. त्या दिवशी ती कोरडी होती, टाच मारली तर टाच दुखेल अशी. काळ्या मातीत चर खणून घेण्यात माझं आयुष्य गेलं, असं मी जावयांना सुनावलं, आणि त्यांनी गाडी निंबाखाली घेतली.

निंबाजवळून पाण्याचा पाट जातो. बायकोने मला सकाळीच बजावलं, आज ऑटो बंद ठेवा, माणसं बसणार आहेत तिथे. ज्यांना शेती नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे शेताची लाईट ठरावीक वेळेला येते, कधी रात्री, कधी दिवसा. विहिरीशी एक डबा असतो, त्यात ऑटोचं बटण असतं. ते लावून ठेवलं की लाईट आली की मोटर आपोआप सुरू होते, माणसाने तिथे उभं राहायला नको. त्या आठवड्यात आमची दुपारची पाळी होती. मी तिच्यासमोर जाऊन बटण बंद केलं.

कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटल्या, वांगी भाजली, लाकडी भांड्यात भरीत ठेचायला सुरुवात झाली. मी हात धुवायला विहिरीकडे गेलो. समोर गहू, त्याचे शेवटचे चार वाफे पाण्यावाचून राहिलेले. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्या माणसाला आलेली लाईट वाया जाऊ देणं जमत नाही. लग्नाच्या मांडवातून उठून मोटर चालू करून येणारे लोक आहेत आमचे. मी मनात म्हटलं, पाणी पाटातून सरळ गव्हाकडे जाईल, बाहेर निंबाखाली यायचं कारणच नाही. फावड्याने पाटाचं तोंड गव्हाकडे मोकळं केलं, ऑटो लावला आणि येऊन जेवायला बसलो. कुणाला सांगितलं नाही, कारण ती ओरडली असती.

निंबाजवळ पाटाच्या बांधाला उंदरांनी पोखरलं आहे का, हे बघायला हवं होतं. शेतकऱ्यांना हेच सांगायचा मला सरकार पगार देत होतं. मी बघितलं नाही.

जेवण झालं. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या आणि भरीत, माणसं सुस्तावली, पत्ते निघाले. बायको वर गेली, खिडकीतून तिने विहीणबाईंना हाक मारली, त्यांनी खालूनच हात हलवला. मग ती झोपली. लाईट आली. आमची मोटर विहिरीत पाण्याखाली बुडालेली, तिचा आवाज येत नाही. पाणी पाटाने निघालं, उंदराच्या बिळातून बांधाबाहेर पडलं आणि गवताखालून कुणाच्या नजरेला न पडता गाडीच्या बाजूने पसरलं. शिडीचा एक पाय मातीत गेला. फळी एका बाजूने कलली. ती जागी झाली, चेन उघडली आणि उतरायला लागली. तिच्या वजनाने तो पाय आणखी खचला, शिडी तिरकी झाली आणि ती तिसऱ्या पायरीवरून डाव्या हातावर पडली.

ती ओरडली तेव्हा मी उठलो. मला पायाशी ओल दिसली आणि एका क्षणात सगळं कळलं. मी धावलो. पण तिच्याकडे धावलो नाही. मी विहिरीकडे धावलो आणि ऑटो बंद केला, मग पाटाच्या तोंडाशी दोन फावडी माती टाकली, आणि मग तिच्याकडे आलो.

तोवर तिला लेकीने बसवलं होतं. मनगट वाकडं दिसत होतं. शेजारी पिण्याच्या पाण्याचा जार धक्क्याने लवंडला होता, त्यामुळे ओल त्याचीच असं सगळ्यांनी धरलं. मला कुणीतरी विचारलं, तुम्ही पळालात कुठे? मी म्हणालो, मोबाईल आणायला. मोबाईल माझ्या खिशात होता.

हाड सहा आठवड्यांत जुळलं. डॉक्टरांनी सांगितलं, गुडघे ठीक, सगळं ठीक. पण तोवर कुटुंबाचा निकाल लागून गेला होता. कुणी म्हणे जावयाने शिडी नीट लावली नाही, कुणी म्हणे हे वय का असल्या थेरांचं. विहीणबाई धुळ्याकडच्या खेड्यातल्या, त्यांच्या जिभेला हाड नाही. भेटायला आल्या तेव्हा प्लास्टरवर हात ठेवून म्हणाल्या, "शिडी तं चांगली शे वं अक्का, तुमना पाय थकी ग्यात." सगळे हसले. बायकोही हसली. मीही हसलो, आणि हे लिहिताना मला सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटते.

खरं तर मला सुटल्यासारखं वाटलं होतं. तंबू जावयांनी काढून धुळ्याला नेला, गाडी हलकी झाली, कॉलनीत कुणी काही विचारेना. मला वाटलं, चला, हाड जुळलं, विषय संपला.

विषय संपला नव्हता. तिने शिडीला भ्यावं हे मी समजू शकलो असतो. पण तिने स्वतःच्या पायांवरचा विश्वास सोडला. आधी गच्चीवर जाणं बंद केलं. पापड, कुरडया वाळत घालायला मोलकरणीला पाठवायला लागली आणि खाली उभी राहून वर ओरडून सूचना द्यायची. मग रिक्षात चढताना माझा दंड धरायला लागली. एका लग्नात स्टेजच्या तीन पायऱ्या होत्या, तिने खालूनच अक्षता टाकल्या आणि नवऱ्या मुलीला हाताने खूण केली. मी शेजारी उभा. प्रत्येक वेळी माझ्या तोंडाशी यायचं आणि प्रत्येक वेळी मी स्वतःला सांगायचो की आता इतक्या दिवसांनी काय सांगायचं. जितका उशीर होत गेला, तितका उशीर हेच न बोलायचं कारण होत गेलं. माझ्या हाताखालच्या माणसाने मला असं कारण दिलं असतं तर मी त्याला मेमो दिला असता.

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी ती तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. म्हणाली, वरचा मजला भाड्याने देऊन टाकू. वरच्या मजल्यावर तिची खोली आहे, शिलाई मशीन, तिची पुस्तकं, पूर्वेची खिडकी. मी म्हटलं, का? ती अगदी साधेपणाने म्हणाली की आता तिचं वर जाणं होत नाही, आणि यापुढे होणार नाही, मग बंद ठेवून काय उपयोग. जावयांना सांगून तंबूही कुणाला तरी देऊन टाकू म्हणाली, चांगल्या पायांच्या माणसाला.

मी तिथेच बसून सांगितलं. सुरुवात चुकीची केली. आधी उंदरांच्या बिळावर बोललो, मग लाईटच्या पाळीवर, मग काळी माती पाणी कसं धरते त्यावर. ती शेंगा सोलत राहिली. मग तिने हात थांबवला.

"ऑटो तुम्ही लावला होता?"

"हो."

"मी बंद करायला लावल्यावर?"

"हो."

"आणि मी पडले तेव्हा तुम्ही आधी कुठं गेलात?"

मी सांगितलं. मला वाटलं ती विहिरीकडे धावण्यावरून बोलेल. ती म्हणाली, "म्हणजे माझे पाय चांगले होते."

त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, चहा ठेवायची, बोलायची नाही. मी जावयांना फोन केला आणि त्यांनाही सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आबा, शिडीच्या पायाला चिखल होता, जारचं पाणी एवढं खोल जात नाही. मी त्याच दिवशी पाहिलं होतं." मी चिडलो. मी म्हटलं, मग तुम्ही बोलला का नाहीत, दोन वर्षं लोक तुमच्या बोल्टांना नावं ठेवत होते. ते म्हणाले, सासऱ्याला चार माणसांत खोटं कसं पाडायचं? मी त्यांचे बोल्ट तपासले नाहीत आणि त्यांनी माझं खोटं उघडं केलं नाही. एकमेकांचा मान आम्ही फार छान राखला, आणि त्या मानाखाली ती बाई चेंगरली.

पाचव्या दिवशी ती बोलली. मी म्हटलं होतं की सगळ्यांना फोन करून सांगतो. ती म्हणाली, "लिहून काढा. तोंडी सांगाल तर त्यात पाटबंधारे खातं घालाल." मग तिनेच धुळ्याला फोन लावला आणि तंबू कुणाला देऊ नका म्हणून सांगितलं.

संक्रांतीनंतर आम्ही धुळ्याला गेलो. जावयांनी त्यांच्या अंगणात, फरशीवर गाडी लावून तंबू उघडून ठेवला होता. शिडीचे पाय दोनदा तपासले, आणि या वेळी पाना माझ्या हातात दिल्यावर मी एकेक बोल्ट तपासला. विहीणबाई ओट्यावर बसल्या होत्या. जावयांकडून ऐकलेलं त्यांना पचलं नव्हतं. तरी आपलं म्हणणं बरोबरच होतं, वय झालंच आहे, असं त्या पुटपुटत होत्या. बायकोने पदर खोचला आणि चढायला लागली.

पहिली पायरी, दुसरी, तिसरी. तीही हळूच, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. चौथ्या पायरीवर तिचा गुडघा थरथरायला लागला. मला खालून स्पष्ट दिसत होतं. तिने पाचवीवर पाय टाकला, वजन दिलं आणि पाय परत खाली घेतला. पुन्हा एकदा टाकला, पुन्हा घेतला. दोन वर्षं पायऱ्या न चढलेले ते गुडघे होते. मी हात पुढे केला तर म्हणाली, हात लावू नका. स्वतःची स्वतः उतरली आणि खुर्चीवर बसली. लेकीने पाणी आणलं.

मी म्हटलं, हळूहळू जमेल, रोज थोडं थोडं करू. माझ्या मते मी धीर देत होतो. तिने ग्लास खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. रागही संपल्यासारखा चेहरा होता तिचा, नुसता कंटाळा.

"तेव्हा पडले ते तुमच्यामुळं," ती म्हणाली. "आता चढवत नाही, तेही तुमच्यामुळंच. दोन्ही लिहा."